‘देव बघतोय’ म्हणून निघून जाऊ नका

खोटा आळ आलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘देव बघतोय, काळजी करू नकोस.’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण एवढं बोलून तो आपल्या वाटेनं जातो, आणि ज्याच्यावर आळ आहे तो एकटा पडतो. देवावरचा भरवसा माणसाला तारतो, हे मी अनुभवानं सांगते. त्याच भरवशाची बघ्यांनी पळवाट करावी, हे मात्र मला मान्य नाही.

मी मंगळवेढ्याची. दामाजीपंतांची कथा आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. दुष्काळात पंतांनी सरकारी कोठार भुकेल्यांसाठी खुलं केलं. बीदरच्या बादशहानं त्यांना धरून आणायला माणसं पाठवली. तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याची रक्कम भरली आणि रीतसर पावती घेतली. माझी सगळी नोकरी रोखपालाची, त्यामुळे ती पावती मला फार मोलाची वाटते. कथेतल्या देवानंसुद्धा हिशेब कागदावर चोख केला.

पण चोखोबाही मंगळवेढ्याचेच. पांडुरंगाच्या गळ्यातला हार चोरल्याचा आळ त्यांच्यावर आला, बैलांना जुंपून ओढण्याची शिक्षा झाली आणि बैल जागचे हलले नाहीत, असं परंपरा सांगते. तेच चोखोबा १३३८ साली आमच्या गावकुसाच्या बांधकामावर भिंत कोसळून गेले. ती भिंत कुणी थोपवली नाही. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या. समाधी झाली ती महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. दलितांसाठी ते दार उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. म्हणजे सहाशे वर्षं! चोखोबांच्या घरानं हे मुकाट्यानं सोसलं नाही. सोयराबाई, कर्ममेळा यांनी अभंगांतून देवालाच जाब विचारला. भक्ती आणि तक्रार एकाच घरात नांदली.

माझ्यावरचा आळ पैशांचा होता. मी एका पतसंस्थेत होते. पिग्मीचे पैसे खातेदारांच्या पुस्तकात चढलेले, रोजकीर्दीत मात्र नोंद नाही. बोट रोखपालाकडे वळलं. निलंबनाचं पत्र घरी आलं त्या संध्याकाळी हरिपाठाला बसले, तर तोंडातून शब्द फुटेना. त्या संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत. शेजारच्या बायका दारावरून जाताना पदर सावरत खाली बघायच्या.

अशा वेळी पांडुरंगानं मला काय दिलं? रागाच्या भरात दुसऱ्या कुणाचं नाव पुढे ढकलावंसं वाटे, तेव्हा त्यानं माझी जीभ आवरली. रात्री त्याच्यापाशी रडले, म्हणून सकाळी उठून अर्ज लिहू शकले. भरणा चलनांच्या स्थळप्रती तपासा, एवढीच मागणी मी पुन्हा पुन्हा लेखी केली. अखेर चौकशीत गठ्ठे सोडले गेले. शिक्का संस्थेचाच होता, पण खालची सही माझी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर कोण बसायचं, हे आमच्या शिपायानं उभं राहून सांगितलं. तो कंत्राटी होता. दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं असतं तर दाद मागायलाही जागा नव्हती. मी निर्दोष ठरले.

त्याच्या रूपात पांडुरंगच आला, असं अनेकांनी मला सांगितलं. मी तसं म्हणत नाही. धोका त्या माणसानं पत्करला, श्रेयही त्याचंच. संस्थेतल्या आणखी काहींना हे सगळं ठाऊक होतं. तेही मला ‘देव बघतोय’ म्हणाले होते.

माझं निलंबन तरी घरी बसून होतं. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागायचा आहे असे. ते सगळे निरपराध आहेत, असा माझा दावा नाही. पण कोण निरपराध आहे हे ठरायच्या आधीच त्यांची उमेदीची वर्षं जात आहेत, आणि त्यांच्या घरच्यांच्या वाट्याला तेच खाली बघणारे डोळे येत आहेत.

ज्यांच्यावर आज असा आळ आहे, त्यांना माझं सांगणं: देवापाशी मन मोकळं करा, भांडायचं तर त्याच्याशीही भांडा, पण कागद जपा, अर्जाची पोच घ्या आणि सूडापोटी खोटं बोलू नका. आणि बाकीच्यांना विनंती: निकाल लागेपर्यंत त्या घरचं बोलावणं तोडू नका. तुम्हाला काही ठाऊक असेल, तर साक्षीला उभे राहा.