आधी पुसा, मग खोला!

सुरुवातीलाच कबूल करते, मी पडले कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या मॅडमनी पोटात घालावं. पण ही सगळी फजिती मराठीतच झाली, म्हणून मराठीतच लिहितेय.

मुलुंडला आमचा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. आई स्वयंपाक करते आणि पप्पा एका जुन्या सेकंडहॅन्ड गाडीतून भांडुपपर्यंत डबे पोचवतात. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीखाली रोज सकाळी तेलाचा डाग दिसायला लागला. मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला, त्यामुळे पप्पांनी मलाच विचारलं, "बघ गं, काय झालंय?"

टॉर्च घेऊन खाली डोकावले. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापासून तेल ठिबकत होतं. पुस्तकातली आकृती डोळ्यासमोर आली आणि मी ठोकून दिलं, "क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील गेलंय." गॅरेजवाले काका म्हणत होते, "आधी इंजिन धुऊन बघू." पण पप्पा म्हणाले, "पोरगी इंजिनिअर होतेय. ती सांगते तर टाका बदलून."

आता क्रँकशाफ्टला दोन टोकं. पुढच्या टोकाला पुली, मागच्याला फ्लायव्हील. दोन्हीकडे तेल बाहेर येऊ नये म्हणून रबरी ओठाचं गोल सील असतं, आणि तो ओठ फिरत्या शाफ्टला चिकटून राहावा म्हणून त्याच्याभोवती बारीक स्प्रिंग. मागचं सील काढायचं तर गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा. सील स्वस्त, मजुरी महाग! गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये होती. पप्पांनी तीन दिवस रिक्षाने डबे पोचवले. त्या आठवड्याची कमाई रिक्षात आणि मजुरीतच गेली.

आणि आठवड्याभरात डाग परत त्याच जागी!

मग काकांनी आधीच सांगितलं होतं ते केलं. थंड इंजिन धुऊन, पुसून कोरडं केलं. गाडी वीसेक मिनिटं फिरवून आणली आणि टॉर्च मारला तो खालून नाही, वरून. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पॅकिंग ओलं होतं. तिथून तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत थेट गिअरबॉक्सच्या जोडावर येत होतं. मी जिथे थेंब पाहिला तिथे फक्त त्याचा प्रवास संपत होता.

काका तिथेही थांबले नाहीत. "पॅकिंग का गेलं?" म्हणाले. ब्रीदरचा पाइप काढला, तर आत काळा चिखल. पिस्टन रिंगमधून थोडा गॅस नेहमीच खाली झिरपतो. त्याची वाट ब्रीदरमधून असते. ती तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल सगळ्यात कमकुवत जागेतून बाहेर ढकललं जातं. म्हणजे मी बदलायला लावलेलं नवं सीलसुद्धा पुढेमागे गळलंच असतं. पाइप साफ, पॅकिंग नवं, तासाभराचं काम. पप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

या काकांचा हात पद्मिनी टॅक्सींवर बसला. ती गाडी आपल्या शेजारच्या कुर्ल्यातच बनायची, १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. त्या गाड्यांवर शिकलेली माणसंही हळूहळू निवृत्त होतील. त्यांची "आधी पुसा, मग खोला" ही सवय आपल्या जर्नलमध्ये कुठे आहे?

माझं म्हणणं एवढंच. आपण उत्तर शिकतो, शोधणं शिकत नाही. फर्स्ट इयरला फिटिंगच्या जॉबवर कानस घासली. लॅबमधलं कापलेलं इंजिन लाल-पिवळ्या रंगात चकाचक उभं आहे, त्यात तेलाचा थेंब नाही! व्हायवात "ऑइल सील कुठे असतं?" विचारतात. "तेल नक्की सीलमधूनच येतंय हे कशावरून?" असं कोणी विचारत नाही.

आणि दोष फक्त कॉलेजचा नाही. गिऱ्हाईक म्हणून आपण पार्टचे पैसे देतो, मजुरीचे देतो. पण मिस्त्रीने अर्धा तास नुसतं बघितलं, तर "केलं काय त्याने?" म्हणतो. मग त्याने बघायचं कशाला? सरळ पार्ट बदलेल. काकांनी त्या तपासणीचे वेगळे पैसे मागितले नाहीत. पप्पांनी आग्रहाने दिले. मला वाटतं, त्या महिन्यातला तोच खर्च सगळ्यात योग्य जागी गेला.

स्टाफला नम्र विनंती : वर्कशॉपमध्ये एक खरं, गळकं इंजिन ठेवा. प्रॅक्टिकलला दोष सांगू नका, शोधायला लावा. कोणती जागा आधी तपासली, कोणती का वगळली, याला मार्क द्या.

आणि हॉस्टेलच्या मंडळींनो, तुमच्या सेकंडहॅन्ड बाईकखालीही डाग पडतात, पार्किंगमध्ये रोज बघते मी! गॅरेजला जाण्याआधी रात्री खाली एक पुठ्ठा ठेवा. इंजिन पुसा, थोडी चक्कर मारा, मग वरून खाली बघत या. मिस्त्री "आधी धुऊन बघू" म्हणाला, तर कृपा करून त्याचं ऐका. मी ऐकलं नाही, त्याचं बिल पप्पांनी भरलं.