'निट'चा अर्थ सांगायला कुणीतरी हवं

प्रति,
मा. कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, लोणेरे



मी जालन्यात घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते आणि रविवारी संगणक शाखेच्या चार-पाच मुलींसोबत बसते. त्यातली अंबडची एक जण. गेल्या वर्षी तिनं एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला. जेमतेम सात ओळींचा. दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्यानं चार ठिकाणी शेरा मारला, प्रत्येकाची सुरुवात एकाच शब्दानं: 'निट'. तिला वाटलं, काम नीट कर म्हणून कुणी दटावतंय. तिनं पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल स्वीकारण्याची विनंती, बंद केली आणि दोन रविवार आलीच नाही.

या धंद्यात 'निट' म्हणजे किरकोळ खोट. मूळ इंग्रजी अर्थ लीख, डोक्यातली. असा शेरा म्हणजे खरं तर शाबासकीच, कारण बाकी सगळं जमलंय, एवढं झटकून टाक. पण हे कुठल्या पुस्तकात नाही. शेजारी बसलेल्या माणसाकडूनच कळतं. शंका मार्गदर्शकाला खासगीत 'सर, प्लीज चेक' म्हणून पाठवायची नसते, सगळ्यांसमोर विचारायची असते, हेही तसंच. आमच्या मुलींना आयुष्यभर याच्या नेमकं उलटं शिकवलेलं असतं.

या क्षेत्राला मुलींची ही अडचण फार पूर्वी कळली. 2006 साली गूगल समर ऑफ कोड या उन्हाळी उपक्रमासाठी ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे 181 अर्ज आले, त्यात एकही बाई नव्हती. तेव्हा ग्नोमनं सहा जणींसाठी वेगळा उन्हाळी उपक्रम काढला. तो एकदाच होऊन थांबला. 2010 मध्ये ग्नोमच्याच मरीना झुराखिन्स्काया यांनी त्यात पुन्हा जीव ओतला, आणि त्यातूनच आजची आउटरीची ही इंटर्नशिप उभी राहिली. वर्षातून दोनदा, घरबसल्या तीन महिन्यांचं काम, मानधन 7,000 डॉलर. अर्जात आपली परिस्थिती मांडावी लागते, पण निवड गुणपत्रिका किंवा कॉलेजचं नाव पाहून होत नाही. निवडीआधीचे काही आठवडे प्रकल्पात प्रत्यक्ष योगदान द्यावं लागतं, तेही नेमून दिलेल्या मार्गदर्शकाच्या नजरेखाली.

जालन्याच्या मुलीला याहून सोयीचं काय असणार? आमच्याकडे सळईच्या मिल आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, मोसंबी आहे. संगणकाच्या मुलीनं इंटर्नशिप करायची कुठे? पुण्यात खोली घ्यायला घरचे तयार नसतात. मग पैसे भरून प्रमाणपत्र देणारे भेटतात, आणि ते आपल्याकडे 'इंटर्नशिप' म्हणून चालूनही जातं. (मीही माझ्या वेळी असं एक घेतलं होतं. ते कुठल्या फायलीत आहे, आठवत नाही.)

आउटरीचीच्या मे महिन्यात सुरू होणाऱ्या फेरीसाठी योगदानाचे आठवडे मार्च-एप्रिलमध्ये येतात. नेमके तेव्हाच आमच्याकडे सबमिशन आणि प्रॅक्टिकल. पुढे आठवड्याला तीस तास काम, त्यात सत्र परीक्षा. हे वेळापत्रक आउटरीची बदलणार नाही. लोणेरे बदलू शकतं.

2024 पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलंच झालं. पण फी भरली जाते ती वर्गाच्या दारापर्यंत. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही आणलेत, तेही मोफत. धडे आहेत, फी नाही. नाही तो माणूस, जो शेजारी बसून म्हणेल, "अगं, एवढंच म्हणतोय तो, पुन्हा पाठव."

हा माणूस आपल्या कॉलेजांत आहेही. एखादे तरुण प्राध्यापक, एखादी माजी विद्यार्थिनी. पण त्यांचा हा तास कुठल्याच कागदावर येत नाही. प्राध्यापकाचा पेपर मोजतात, परिषद मोजतात. मुलीच्या पॅचवर घालवलेली संध्याकाळ कुणी मोजत नाही, म्हणून ती कुणी घालवतही नाही. वेळापत्रकाखेरीज माझं मागणं एवढंच आहे, की अशा मार्गदर्शनाचे तास अध्यापनाच्या कार्यभारात धरा. बाहेरून येणाऱ्या माजी विद्यार्थिनींना निदान अतिथी व्याख्यात्याइतकं मानधन द्या. आणि मुक्त प्रकल्पात मर्ज, म्हणजे समाविष्ट, झालेलं काम इंटर्नशिपच्या श्रेयांकात धरा. ते तर लबाडीला सगळ्यात कमी वाव असलेलं काम आहे. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली, सगळं जगासमोर असतं.

मुलींनाच का, असं कुणी विचारेल. मुलांना हे सगळं हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री अकरा वाजता एखादा सीनियर सांगून टाकतो. मुलींच्या हॉस्टेलचं दार तोवर बंद झालेलं असतं, आणि अंबडहून जाऊन-येऊन करणारीला तर हॉस्टेलही नाही.

अंबडच्या मुलीनं ती पुल रिक्वेस्ट नंतर पुन्हा उघडली. चार लिखा काढायला तिला वीस मिनिटं लागली. मर्ज झाली तेव्हा आउटरीचीची मुदत संपून नऊ दिवस झाले होते.

पुढच्या मार्चच्या आत परिपत्रक काढा, ही विनंती.

आपली,
जालन्यातील एक सॉफ्टवेअर अभियंता