फडावरची पोरं

सभासद बंधूंनो, ऊस विकासाच्या पानावर बेणेप्रक्रिया सोडून हे काय काढलं, असं वाटेल. पण फडावर जे दिसतं तेच लिहितो.

माझं गाव वैशाखरे, माळशेज घाटाच्या पायथ्याशी. कातकरवाडीतला माझा जोडीदार दिवाळी झाली की आईबापाबरोबर वीटभट्टीवर जायचा. पावसाच्या तोंडाला परतला की आठ दिवस आम्ही एकमेकांकडं नुसते बघत राहायचो. तोडणी टोळीच्या पोरांची आज तीच गत आहे.

तीन वर्षांचं पोर दुसऱ्याशेजारी बसतं, पण खेळतं आपलं आपणच. ‘आता तुझी पाळी’ हे चौथ्या-पाचव्या वर्षी येतं. रुसणं, भांडणं, पुन्हा गोळा होणं, हे रोज त्याच चार पोरांत राहून जमतं. फडामागून फड बदलणाऱ्या पोराला ते कुठून जमावं?

गेल्या हंगामात एका बांधावर सभासदाचा नातू आणि टोळीतली मुलगी कांड्यांची गाडी करून ओढत होती. आजीनं हाक मारून नातवाला घरात नेलं. मुलगी दोरी धरून बसली. नुकसान दोघांचंही झालं, असं माझं मत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालवाडी काढली. पोरं येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आपल्या गाडीतळावर एक छप्पर आणि एक बाई कारखान्याला जड नाही. मात्र तिथं आपलीही पोरं बसली पाहिजेत. संचालक मंडळानं गळीत सुरू होण्याआधी यावर निर्णय घ्यावा. मुकादमांकडून पोरांची यादी मी आणून देतो.