मोटारीतले उदात्त

सुटीत मोटार काढून वादळांमागे धावण्याची हौस मूळची अमेरिकेतली. तिकडे ओक्लाहोमा-कॅन्ससच्या पठारांवर मे महिन्यात पैसे भरून अशा सहलींना जाता येते. या हौसेविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्यातून निपजणाऱ्या गद्याविषयी. आणि वळवाच्या सरीमागे धावणाऱ्या आपल्याकडील ललित लेखकालाही ती लागू पडते. त्याच्या लेखात आभाळ असते, वीज असते, निसर्गापुढे नतमस्तक झालेला निवेदक असतो. मोटार तेवढी नसते.

वर्गात उदात्ताची संकल्पना शिकवताना आपणही याहून वेगळे काय करतो? कान्टने १७९० साली गडगडणाऱ्या मेघांची, विजांची, ज्वालामुखींची उदाहरणे देताना एक अट घातली होती : पाहणारा सुरक्षित जागी हवा. विद्यार्थी ज्वालामुखी पाठ करतात. अट परीक्षेला येत नाही. बुलोने १९१२ मध्ये 'मानसिक अंतर' समजावण्यासाठी समुद्रावरचे धुके घेतले, तेही जहाजातून पाहिलेले.

भिंगारला ही अट फारच स्थूल रूपात भेटते. गावावरून पाथर्डीकडे जाणारा रस्ता पुढे करंजीच्या घाटात शिरतो. मेमध्ये दुपार कलली की तिकडे ढगांचे मनोरे चढू लागतात; आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, कधी गारा, आणि तासाभरात सारे सामसूम. वीज आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजत (तीन सेकंदांना एक किलोमीटर) आम्हीही त्या रस्त्याने गेलो आहोत. आनंद झाला, हे कशाला नाकारावे? परंतु काचा वर केलेल्या मोटारीवर वीज पडलीच, तर ती बहुधा पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरते. शेजारच्या शिवारात मेंढरे घेऊन लिंबाखाली थांबलेल्या माणसाला तोच लिंब घातक ठरतो. बुलोचे अंतर येथे पत्र्याचे असते.

पाठलाग करणारेही जीव धोक्यात घालतात, असा प्रतिवाद होईल. तो खोटा नाही. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग हे अभ्यासक टोर्नेडोत सापडून मृत्युमुखी पडले. पण ते तेथे आपण होऊन गेले होते, मोजमापे घ्यायला. लिंबाखालच्या धनगराने काय निवडले होते? उपटून शेतात वाळत पडलेल्या कांद्याने?

शंकर पाटलांनी आपल्या पहिल्या कथासंग्रहाला 'वळीव' हे नाव दिले. ग्रामीण कथेतला पाऊस कोणाच्या तरी अंगावर पडतो. आमच्या ललित गद्यातला मोटारीच्या काचेवर.

म्हणून मागणी एवढीच : मोटार लिहा. तिचा वायपर लिहा, गारा सुरू होताच तिने घेतलेले वळण लिहा, आणि मागच्या आरशात दिसणारे, कांद्यावर ताडपत्री ओढायला धावलेले घरही.