वकीलसाहेबांची पाटी

वकिलाच्या दारावरची पाटी केवढी असावी यालासुद्धा नियम आहे, माहित्येय का तुम्हाला? चेष्टा नाही. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांपैकी ३६ वा नियम म्हणतो की वकिलाने जाहिरात करायची नाही, काम मागत फिरायचं नाही, आणि पाटी वाजवी आकाराची असावी. 'अमुक प्रकारच्या केसेसचे तज्ज्ञ' असंही तिच्यावर लिहायचं नाही.

वकिली हा बाजार नव्हे, ही त्यामागची भावना. ठीक आहे. मग २००८ मध्ये नियम थोडा सैल झाला. वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं देता येऊ लागलं. म्हणजे पाटीवर जे चालत नाही ते वेबसाइटवर चालतं! आमच्याकडे असा कोड कुणी रिव्ह्यूला पाठवला तर तो आल्या पावली परत जाईल :-)

आणि आता इन्स्टाग्राम उघडा. काळा कोट, मागे जाडजूड पुस्तकं, आणि 'भाडेकरू घर सोडत नाही? हे ऐका!' ही माहिती की जाहिरात? जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन पोर्टलवरून कामं मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करा असं बजावलं. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलनेही सोशल मीडियावरच्या जाहिरातबाजीबद्दल कान उपटले.

माझा प्रश्न साधा आहे. या बंदीचा फटका कुणाला बसतो? ज्यांच्या घरात तिसरी पिढी वकिली करतेय, त्यांना रील करायची गरजच नाही. त्यांची कामं ओळखीतून येतात. पण सोलापूरहून पुण्यात आलेली, कुणी गॉडफादर नसलेली एखादी ज्युनिअर शिवाजीनगर कोर्टात उभी आहे हे लोकांना कळणार कसं? आणि दुसरा फटका आपल्याला. बिल्डर ताबा देत नाही म्हटल्यावर आपण काय करतो? सोसायटीच्या ग्रुपवर विचारतो, 'कुणी चांगला वकील आहे का ओळखीत?' उत्तर येतं, 'माझ्या मेव्हण्याचा मित्र आहे.' याला काय निवड म्हणायची?

म्हणून सगळं मोकळं सोडा असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेत १९७७ च्या बेट्स खटल्यानंतर वकिलांना जाहिरातीची मुभा मिळाली, आणि आज तिथे हायवेवर वकिलांचे होर्डिंग दिसतात. ते इथे नको. वकील चांगला की वाईट हे अशिलाला सहसा केस संपल्यावरच कळतं, तेव्हा 'शंभर टक्के जामीन' म्हणणारा त्याला सहज फसवू शकतो. आणि कुणाच्या घटस्फोटाची गोष्ट नाव बदलून 'कंटेंट' म्हणून विकणं तर नीचपणाच.

पण रेषा माध्यमावर नको, मजकुरावर हवी. शिक्षण, अनुभव, कामाचं क्षेत्र, फीची पद्धत: हे कुठेही सांगू द्या. कायदा समजावूनही सांगू द्या. जिंकण्याच्या बढाया, अशिलांच्या कहाण्या, पैसे देऊन आणलेले सिनेनट: हे कुठेही नको. पाटीवर नको, रीलवरही नको.

सप्टेंबर २०२२ पासून सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचं कामकाज आपण घरबसल्या बघू शकतो. न्यायाधीशांना कॅमेरा चालतो. मग वकिलाने आपण काय काम करतो एवढं सांगितलं तर काय बिघडलं?