ब्रँच कोणती, हे कधी ठरवायचे?

नीटचा निकाल लागला की आपल्या घरांत पेढ्यांबरोबर एक प्रश्नही वाटला जातो. मुलगा कशाचा डॉक्टर होणार? मुलगी असेल तर प्रश्नसुद्धा नाही, थेट उत्तरच: ‘गायनॅक’. मुलगी तेव्हा १८ वर्षांची असते आणि तिने अजून कुणाची नाडीही धरलेली नसते.

धुळे किंवा जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आता आपल्याकडची मुले जात आहेत, म्हणून पालकांशी हे बोलावेसे वाटले. एमबीबीएसची साडेचार वर्षे झाली की एक वर्ष इंटर्नशिप असते. २०२१ च्या नियमांनी हे वर्ष आठवड्यांत वाटून दिले आहे. गावपातळीवरच्या आरोग्यसेवेला १२ आठवडे, प्रसूती व स्त्रीरोगाला ७, मेडिसिन आणि सर्जरीला ६-६, बालरोगाला ३, भूल आणि मानसोपचाराला २-२. शिवाय ४ आठवडे आपल्या पसंतीच्या विषयांसाठी. रडणारे मूल हाताळताना आपण वैतागतो की रमतो, ऑपरेशन टेबलाशी चार तास उभे राहणे जमते का, हे याच वर्षात कळते. माझ्या मते ब्रँचचा निर्णय इथे पक्का व्हावा. तोवर मनात दोन-तीन विषय असू द्यावेत, एकच धरून बसू नये.

इंग्लंडमध्ये पदवीनंतर दोन वर्षे नवे डॉक्टर निरनिराळ्या विभागांत काम करतात, मग विषयाकडे वळतात. आपल्याकडे एकच वर्ष मिळते, आणि तेही मुले लायब्ररीत घालवतात. कारण उघड आहे. नीट-पीजीचे २०० प्रश्न, ८०० गुण, आणि रँकवर ब्रँच. ‘वॉर्डात कशाला वेळ घालवतोस, अभ्यास कर,’ असे अब्बाही फोनवर सांगतात. रँक चांगली आली, रेडिओलॉजी मिळत होती म्हणून घेतली, असे होते. मिळते ते घेण्यात गैर काही नाही, पण आपल्याला काय झेपत नाही एवढे तरी पसंतीक्रम भरताना ठाऊक हवे.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण पाहा. नागपूरहून एमबीबीएस होऊन ते १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथे विंचूदंशाने माणसे दगावताना पाहिली, आणि तोच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. एमडी त्यांनी नंतर पुण्यात केले. प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे रुग्ण वाचतात, हे त्यांचे काम ‘लॅन्सेट’पर्यंत पोहोचले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या खानदेशात कापसाच्या शेतात काम करणाऱ्यांना विंचू म्हणजे काय, हे सांगायला नको! सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांना एक वर्ष शासकीय सेवेचा बाँड असतो. त्याला शिक्षा समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता मुलींविषयी. पीजी होईपर्यंत वय २७ च्या आसपास जाते, म्हणून रिश्त्याची घाई होते. मग सासरच्या मंडळींना चालेल अशी, रात्री उठावे लागणार नाही अशी ब्रँच सुचवली जाते. गंमत अशी की त्याच तोंडाने गायनॅकही सुचवतात. बाळंतपणे काय दिवस पाहून येतात?

लेडी डॉक्टरची गरज खरीच आहे, पण ती बाळंतपणापुरती नाही. छातीत गाठ लागलेली एखादी खाला पुरुष सर्जनला दाखवायला लाजते, महिनोन्‌महिने घरात गप्प बसते आणि गाठ वाढत जाते. तिला महिला सर्जन हवी आहे, सोनोग्राफीला महिला रेडिओलॉजिस्ट हवी आहे. घुसमटलेल्या सुनेला मन मोकळे करायला मानसोपचाराची बाई डॉक्टर हवी आहे. तुमच्या लेकीला यांतले काय जमेल, हे ती इंटर्नशिप संपवून सुट्टीत घरी आली की तिलाच विचारा. निकाहची बोलणी त्यानंतर केली तरी चालतील.