आलेपाक ही कुणाची नक्कल?

१/ ‘आलेपाक म्हणजे कॅन्डिड जिंजरची देशी नक्कल’ हे विधान आता इतक्या सहजपणे केले जाते, की त्याला पुरावा मागण्याचे भानही कुणाला उरत नाही. वैजापूरच्या किराणा दुकानातील बरणीतली वडी नक्कल आणि परदेशी डबीतले काप अस्सल! हा थ्रेड या समजुतीच्या विरोधात आहे.

२/ आधी पदार्थ पाहू. कॅन्डिड जिंजर म्हणजे आल्याचे काप उकडून, पाकात शिजवून, साखरेत घोळवलेले. केकमध्ये भाजले तरी काप शाबूत राहतो. आलेपाक म्हणजे वाटलेले आले साखर आणि थोड्या दुधासह आटवून थापलेली वडी. ती तोंडात विरघळते. कृती वेगळी, पोत वेगळा. कापांशी नातेच जोडायचे, तर ते आल्याच्या मुरंब्याशी जोडावे.

३/ आता शब्द. ‘कॅन्डी’चा माग फ्रेंच, अरबी, फारसी ‘कंद’ असा मागे मागे जात संस्कृत ‘खंड’पर्यंत पोहोचतो. ‘जिंजर’चा माग लॅटिन ‘झिंगिबेर’, ग्रीक ‘झिंगिबेरिस’, पाली ‘सिंगिवेर’ असा. संस्कृत ‘शृंगवेर’ही मुळात द्राविडी असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात, तमिळ ‘इंजी’ त्याच कुळातले. ज्याला नक्कल म्हणता, त्याच मातीतून ‘अस्सल’चे नाव गेले आहे.

४/ आणि ग्रंथ? गोविंददासांच्या ‘भैषज्यरत्नावली’त ‘आर्द्रकखंड’ नावाचा पाक आहे. त्यात आले, तूप, दूध, साखर आणि औषधी मसाले पडतात. आलेपाकाचे हे जवळचे भावंड इंग्रजी बेकरीतून खासच आले नाही.

५/ मग श्रेय हुकते कसे? इ. स. पहिल्या शतकात प्लिनी आल्याचा भाव देतो, पौंडाला ६ दिनार. पण आले अरबस्तानात पिकते असे सांगतो. माल ज्या वाटेने आला, ती वाटच त्याला जन्मभूमी वाटली. दोन हजार वर्षांनी आपण तीच चूक करतो आहोत, आणि तीही स्वतःच्याच पदार्थाबाबत.

६/ मात्र उलट टोकही नको. व्युत्पत्ती म्हणजे पाककृतीचा जन्मदाखला नव्हे. ‘मावळ्यांच्या शिदोरीत आलेपाक असे’ म्हणणाऱ्याकडेही कागद मागा. पाकात मुरवलेल्या आल्याची परंपरा चीनचीही आहे. ते मान्य केल्याने आपले काही उणे होत नाही.

७/ आपल्या शेजारच्या कन्नड, खुलताबाद, फुलंब्री तालुक्यांत आज आल्याचे मळे आहेत. माल इथून जातो आणि नाव दुसऱ्याचे होऊन परततो. घरगुती पाककृतींना दफ्तर नसते, म्हणूनच त्यांना ‘नक्कल’ ठरवणे सोपे जाते. आजीची आलेपाकाची कृती मापांसकट, गाव आणि सालासह लिहून ठेवा. उद्याच्या अभ्यासकाला तोच पुरावा असेल.